वेवजीची तीन टिंबं

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या घाबरण्याची मजा बघायला वाचते. पिंपळाखालची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा, आणि दर वाक्यापुढे टिंबं, टिंबं, टिंबं. आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. वडील रेल्वेत, आई शिक्षिका, आणि मी डहाणूत कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करणारी. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढाच माझा धर्म. आजही तोच आहे. तरी लिहायला बसलेय. माझ्या लिखाणात ती टिंबं मात्र दिसणार नाहीत. ती जिथे खरोखर होती तेवढ्याच जागी देईन.

२०१९ च्या सुरुवातीची गोष्ट. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना तो हिवाळा वेगळा सांगायला नको. जमीन हलत होती—कधी दिवसातून एकदा, कधी पाच वेळा. लोक घरं सोडून अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपत होते. आम्ही डहाणूतले शहाणे लोकसुद्धा पाण्याचा भरलेला ग्लास टेबलावर ठेवून झोपायचो, म्हणजे पाणी हललं की कळेल. झोपलेल्या माणसाला ग्लासातलं पाणी हललेलं कसं कळणार, हे कोणी विचारायचं नाही.

वेवजीला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. अडतीस मुली, एक लांब हॉल, वर मंगलोरी कौलं. तिथे नरोत्तमकाकांनी एक यंत्रणा बसवली होती. काका म्हणजे वडिलांचे गुजराती मित्र, रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, नरपडला राहणारे. मला सोल्डरिंग शिकवलं ते त्यांनीच. वसतिगृहाच्या स्टोअररूममध्ये त्यांनी एक छोटा काळा डबा ठेवला होता—कॉम्प्युटरच तो, पण ना स्क्रीन, ना कीबोर्ड. त्याला जमिनीचं कंपन मोजणारं एक सेन्सर. जोराचा हादरा सुरू झाला की डब्याने वायरीवरून पलीकडच्या व्हरांड्यातला भोंगा वाजवायचा, की मुलींनी तडक मैदानात पळायचं. डब्यावर हिरवा दिवा लागलेला असला म्हणजे पहारा चालू.

भोंगा वाजवून बघायचा नाही, असा मात्र तिथे नियमच झाला होता. डिसेंबरात काकांनी एकदा चाचणी म्हणून वाजवला, तर मुली अनवाणी धावत सुटल्या, एकीचं मनगट मोडलं, आणि आख्खा पाडा काठ्या घेऊन गोळा झाला. त्यानंतर चाचणी म्हणजे दिवा बघणं. हिरवा आहे? आहे. झालं.

काका संक्रांतीनंतर आठवडाभरात गेले. झोपेतच. त्याच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला होता. "रविवारी वेवजीला येतेस का? टोकापर्यंत बघून येऊ." मी म्हटलं, काका, या आठवड्यात नको. ते म्हणाले, "बरं बेटा, पुढच्या." हे वाक्य मला आजही खुपतं.

त्यांच्या दोन सवयी इथे सांगायला हव्यात. रेल्वेच्या जुन्या फोनवर बोलायच्या आधी ते रिसीव्हरच्या तोंडावर बोटाने तीन टिचक्या मारायचे. पलीकडून तीन टिचक्या परत आल्या की मगच बोलायचं. पुढे कॉम्प्युटर शिकले तर तिथेही तेच. कुठल्याही मशीनला जोडलं की आधी तीन टिंबं टाइप करायची. तशीच उमटली तर लाइन ठीक, वेडंवाकडं काही उमटलं तर दोन बाजूंचा वेग जुळत नाही. दुसरी सवय म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला स्वतः चालत जाऊन बघणं. मी चिडवायचे, "काका, इथे लाइन ओके दिसतेय, कशाला तंगडतोड?"

"दीकरी, ओके छे म्हणजे फक्त आपल्याला ओके छे," काका म्हणायचे. "समोर कोण ऐकतो की नाही ते जाऊन बघायचं. बसून नाही कळत."

काकांना जाऊन तीन आठवडे झाले असतील. वसतिगृहाच्या अधीक्षिका राऊत मॅडम यांचा सकाळी फोन आला. वीज गेली-आली की डब्याचा हिरवा दिवा परत लागत नव्हता. लखमाभाऊ—तिथले शिपाई—चार-चार वेळा बटण दाबायचे तेव्हा कुठे लागायचा. "आणि मला आज उत्तर पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "मुली दोन महिने मांडवात झोपताहेत. दहा जणी खोकताहेत, दोघींना ताप आहे. भोंगा चालू असेल तर आत झोपवा, असं ट्रस्टने सांगितलंय. तू बघ आणि पाचपर्यंत सांग. तू चालू म्हणालीस तर मी गाद्या आत नेते."

म्हणजे अडतीस मुली रात्री कौलांखाली झोपणार की उघड्यावर, हे माझ्या एका शब्दावर. लॅपटॉप घेतला आणि स्कूटीवरून निघाले.

स्टोअररूमला कुलूप होतं. लखमाभाऊंनी कमरेची किल्ली काढून उघडलं. आत तांदळाची पोती, जुने बाक, आणि टेबलावर तो डबा—वर हळदकुंकू आणि ताजं जास्वंदीचं फूल.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"पोरी करतात, बाय," लखमाभाऊ म्हणाले. "राखण करतो ना तो. म्हातारा गेला तवापासून रोज फूल आणतात."

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

आता थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. अशा डब्याशी बोलायचं तर मागच्या सिरियल पोर्टात केबल घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला. दोघांचा वेग एकच ठेवावा लागतो, नाहीतर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. मला आधी कचराच दिसला. मी नेहमीच्या वेगाने बघत होते. मग डबा उलटा केला तर खाली पट्टी चिकटवलेली, काकांच्या अक्षरात: ९६००. हा जुना, धिमा वेग. मी त्यांना म्हणायचे, ही बैलगाडी आहे. ते म्हणायचे, बैलगाडी उलटत नाही. लॅपटॉपचा वेग बदलला, आणि अक्षरं स्वच्छ दिसायला लागली.

डबा चालू केला की आधी एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो—बूट लोडर. त्याचं काम मुख्य सिस्टिमला उठवायचं. पण उठवण्याआधी तो पाच सेकंद थांबतो, कोणाला काही वेगळं सांगायचंय का म्हणून. कोणी काही बोललं नाही तर पुढे जातो. एक जरी कळ दाबली गेली तर मात्र तिथेच थांबून राहतो, अगदी अमर्याद, पुढच्या हुकुमाची वाट बघत. आमच्या डब्याचं नेमकं हेच होत होतं. तो बिघडला नव्हता, कोणीतरी थांबवल्यासारखा थांबत होता.

माझी केबल जोडलेली असताना पाच वेळा बंद-चालू केला. पाचही वेळा नीट सुरू झाला, हिरवा दिवा लागला. केबल काढली, बंद-चालू केला, थांबला. पुन्हा तेच. मला एकदम हायसं वाटलं, कारण हे दुखणं ओळखीचं होतं. पोर्ट मोकळं असलं की बाहेरचा विजेचा गोंगाट त्यात शिरतो आणि डब्याला वाटतं कोणीतरी कळा दाबतंय. शिवाय पोर्टात कुंकू गेलेलं दिसत होतंच. लखमाभाऊंकडून जुना टूथब्रश मागून घेतला, पोर्ट साफ केलं, अर्थिंग तपासलं, प्लग बदलला. पोरींच्या भक्तीने मशीन बंद पडलं, ही गोष्ट घरी जाऊन सांगायची असंही ठरवून टाकलं.

पुन्हा चालू केला. थांबलाच.

मग सुचलं की गोंगाटाने नेमकी कुठली अक्षरं आलीत ते बघू. बूट लोडरला जे काही टाइप केलंत ते तो लक्षात ठेवतो, आणि एंटर मारलंत की त्या नावाची फाइल उघडायला जातो. म्हणून डबा थांबलेला असतानाच केबल जोडली आणि फक्त एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं की या नावाची फाइल सापडत नाही. आणि नाव होतं:

...

गोंगाट असा नसतो हो. गोंगाटातून चित्रविचित्र चिन्हं येतात, दर वेळी वेगळी, कधी दोन कधी पन्नास. मी पुन्हा केबल काढली, डबा बंद-चालू केला, शंभर आकडे मोजले, केबल जोडली, एंटर.

...

लखमाभाऊंना बाहेर पाठवलं, दार लावलं, मोबाइल बंद केला, सेन्सरची वायरसुद्धा काढून ठेवली. तरी तीच तीन टिंबं. एकूण सात वेळा करून बघितलं. सात वेळा तीनच, चार नाहीत, दोन नाहीत. मी मोठ्याने म्हटलं, "काका, मस्करी नको हं." आणि माझाच आवाज ऐकून दचकले.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर मुली जेवणाची ताटं घासत होत्या, आवाज येत होता. मी स्वतःला दटावलं की बाई, तुला पाचपर्यंत उत्तर द्यायचंय, भुताटकी नंतर. उपाय सोपा होता. सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटी एक ओळ घातली की बूट लोडर कोणाचीही वाट न बघता सरळ पुढे जातो. पाच सेकंद नाहीतच, तर अडवणार कोण? ओळ घातली. केबल काढली, बंद-चालू केलं, थोड्या वेळात हिरवा दिवा. पुन्हा केलं, पुन्हा हिरवा. वीज गेल्यासारखं करून मेन स्विच पाडून बघितला. हिरवा. काम झालं होतं.

चारला मी सामान आवरायला घेतलं. जाता जाता शेवटचं म्हणून केबल जोडली आणि एंटर दाबलं. आता सिस्टिम पूर्ण चालू होती, त्यामुळे तिने नाव विचारायला हवं होतं—लॉगिन. तिने नाव विचारलं नाही. एकदम पासवर्ड विचारला.

म्हणजे नाव कोणीतरी आधीच टाकून ठेवलं होतं. कुठलं, ते पडद्यावर दिसत नव्हतं. बघायची माझी हिंमतही नव्हती. दारात अडवायची सोय मी काढून टाकली, तर ते आत येऊन उभं राहिलं होतं.

मला खरंच भीती वाटत होती, आणि ती भुताची नव्हती. डबा चालू होता, माझ्या सगळ्या चाचण्या तो पास झाला होता. 'चालू आहे' म्हणणं हे खरं बोलणं होतं. 'नाही' म्हटलं तर खोकणाऱ्या मुली आणखी एक रात्र दवात, आणि त्यातली एखादी न्यूमोनियाने आडवी झाली तर ते माझ्या डोक्यावर—कशासाठी, तर तीन टिंबांसाठी.

राऊत मॅडम पाचच्या आधीच दारात आल्या. "दिवा हिरवा दिसतोय," त्या म्हणाल्या. चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता त्यांचा. "मुलींना सांगू ना, गाद्या उचला म्हणून?"

"नको," मी म्हटलं.

"का?"

"मला खात्री नाही."

"अगं, दिवा तर लागलाय. काय बिघडलंय ते तरी सांग."

मी खोटं बोलले. पोर्ट खराब आहे, पार्ट मागवावा लागेल, तोवर विसंबू नका. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला माहितेय का, पहाटे त्या लहान पोरी दातावर दात वाजवत उठतात? तू डहाणूला घरात पांघरूण घेऊन झोपशील. मी काय सांगू त्यांना?"

"तापाच्या दोघींना दवाखान्यात ठेवा," एवढंच म्हटलं. "बाकीच्यांना आजची रात्र बाहेरच. हवं तर मी लिहून देते, जबाबदारी माझी."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. मी सही केली. दिवा बघून आधीच उचललेल्या गाद्या मुलींनी परत मांडवात टाकल्या, आणि त्यातली एक माझ्याकडे अशी बघत होती की मी स्कूटी सुरू करेपर्यंत मान वर केली नाही. घरी आल्यावर जेवले नाही. आईने विचारलं तर तिच्यावर खेकसले.

सकाळी साडेसहाला मॅडमचा फोन.

"पहाटे जोरात हलली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडेही जाणवली असेल. हॉलची कौलं आली खाली. मधल्या दोन रांगांवर. तिथे लहान मुली झोपतात." मग त्या रडायलाच लागल्या. "भोंगा वाजलाच नाही गं. तू म्हणालीस तसं मशीन बिघडलेलंच होतं. बरं झालं तुझं ऐकलं."

सगळ्या मुली ठीक होत्या. मांडवाचा एक बांबू सुटला, बास. मी फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की मशीन बिघडलेलं नव्हतं.

नऊला मी वेवजीत होते. डब्यातली नोंद काढली. पहाटेचा हादरा त्याने टिपला होता, आणि त्याच क्षणी भोंग्याला इशाराही दिला होता. त्याचं काम त्याने चोख केलं होतं. मग भोंगा का नाही वाजला? आयुष्यात पहिल्यांदा मी ते केलं जे काका दर वेळी करायचे. वायर हातात धरली आणि चालत निघाले. स्टोअररूमच्या खिडकीतून बाहेर, भिंतीच्या कडेने, स्वयंपाकघराच्या मागून, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. भोंग्याच्या वीतभर आधी वायर संपली होती. दोन्ही टोकांना नीट काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"लखमाभाऊ, हे काय?"

"ते व्हय," लखमाभाऊ म्हणाले. "दहावीच्या पोरींची सराव परीक्षा होती ना. मॅडमनी काढाया सांगितलं, मधीच वाजला तर पेपर टाकून पळतील म्हणून. मंग परत जोडा असं कोण बोललंच नाय."

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला आणि तिथेच पायरीवर बसल्या. बारा दिवस. बारा दिवस हिरवा दिवा लागत होता, मुली त्याला फूल वाहत होत्या, आणि पलीकडच्या टोकाला कोणीच नव्हतं. मी आदल्या दिवशी त्या भोंग्यापासून चाळीस पावलांवर सात तास बसले होते आणि बघायला उठले नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आता तुम्ही म्हणाल, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. म्हणा. मीही दोन वर्षं तेच म्हणत होते. कौलं सैल झालेली होती, हादरे रोजचे होते, यात नवल काहीच नाही. पण वायर काढली तेव्हा काकांना जाऊन आठवडा उलटून गेला होता, म्हणजे त्यांनी डब्यात आधीच काही करून ठेवलं होतं असंही म्हणता येत नाही. मी डब्यातली ओळ न् ओळ वाचली आहे. टिंबं पाठवणारं त्यात काही नाही. खोलीची किल्ली एकच होती, आणि पोर्टात केबलच नव्हती तर टाइप कुठून करणार? माझ्या क्षेत्रातल्या तिघांना विचारलं. दोघे म्हणाले गोंगाट. तिसऱ्याने विचारलं, "सातही वेळा?" आणि विषय बदलला.

वसतिगृहाला पुढे पत्र्याचं हलकं छप्पर झालं आणि तो डबा त्यांनी मला देऊन टाकला. माझ्या टेबलाखाली आहे. मी घातलेली ती ओळ काढून टाकली, बूट लोडरला त्याचे पाच सेकंद परत दिले. केबल काढून कितीदा बंद-चालू केला त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी सरळ सुरू होतो. एकदाही थांबलेला नाही.

कधीतरी, कोणाच्या कामाचं टेन्शन असलं की, मी केबल जोडते, ९६०० लावते, आणि ते पाच सेकंद संपायच्या आत स्वतःच तीन टिंबं टाइप करते. ती जशीच्या तशी पडद्यावर परत येतात. म्हणजे लाइन ठीक आहे. पलीकडे कोण आहे, ते बसून कळत नाही.